लाल बिनमधले पीस टेबलावर: एका कारखान्यातल्या गुणवत्ता प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण पट्ट्यातला हा कारखाना दुचाकी कंपन्यांना ॲल्युमिनियमचे भाग पुरवतो. कास्टिंग (ओतलेला कच्चा भाग) बाहेरून येतं. इथे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापाईच्या मशीनवर) मशीनिंग, मग टॅपिंग (भोकात बोल्टसाठी आटे पाडणं), धुलाई, लीक टेस्ट, डोळ्यांनी तपासणी आणि पॅकिंग. कायम, कंत्राटी आणि ट्रेनी धरून सुमारे चारशे माणसं, तीन शिफ्टमध्ये. कायम कामगार बहुतेक खेड, आंबेगाव, जुन्नरकडचे. कंत्राटी मुलं मराठवाड्यातली, विदर्भातली, शिवाय उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातली. तपासणी आणि पॅकिंगवर बायका जास्त. मी या नियोजनात बाहेरून मदतीला होतो. कारखाना ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर एका हाउसिंगचं (इंजिनात बसणाऱ्या कवचासारख्या भागाचं) एक भोक टॅप न झालेलं निघालं. बोल्ट बसेना, लाइन थांबली. त्याच आठवड्यात तसाच आणखी एक पीस सापडला. मग नेहमीची धावपळ झाली: आपली माणसं टेम्पोत घालून ग्राहकाच्या गोदामात पाठवायची, तिथला सगळा साठा उघडून एकेक पीस बघायचा, ओके पीसवर मार्करची खूण करायची, पुन्हा पॅक करायचं. त्यानंतर ८डी अहवाल, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहून ग्राहकाला द्यायचा कागद. त्यात सुधारणेच्या रकान्यात दोन वाक्यं लिहिली गेली: संबंधित ऑपरेटरला समज दिली, सर्व कर्मचाऱ्यांसाठी गुणवत्ता जागरूकता प्रदर्शन घेण्यात येईल.

प्रदर्शन जन्माला आलं ते असं, एका रकान्यातून. ज्यांनी ८डी भरलेत त्यांना हे नवीन नाही. खरं कारण हाताशी नसलं की 'समज दिली' येतं, आणि नुसतं तेवढं लिहिलं तर ग्राहक परत पाठवेल म्हणून त्याला एखाद्या कार्यक्रमाची जोड मिळते.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या बैठकीत एचआर मॅनेजरकडे यादी तयार होती: फ्लेक्स, शपथ, घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी, बक्षीस वाटप, फोटो. दरवर्षी नोव्हेंबरात हेच होतं. जपानात १९६० पासून नोव्हेंबर हा गुणवत्ता महिना म्हणून पाळतात, आपल्याकडच्या कारखान्यांनीही तो उचलला आणि बघता बघता त्याला हळदीकुंकवाचं रूप आलं. रांगोळीत मायक्रोमीटर फार सुंदर काढतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

क्वालिटी हेडना हे नको होतं, पण काय हवं हेही त्यांना नीट सांगता येत नव्हतं. "लोकांना क्वालिटीचं महत्त्व कळलं पाहिजे," एवढंच ते म्हणत. तेव्हा आम्ही दोघं टॅपिंग मशीनपाशी जाऊन तासभर उभे राहिलो. त्या तासात जे दिसलं त्यावरून पुढचं सगळं ठरलं.

हाउसिंगला सहा भोकं. पाच व्हीएमसीवरच टॅप होतात. सहावं तिरकं असल्यामुळे वेगळ्या टॅपिंग मशीनवर करावं लागतं. टॅप करायचे पीस डाव्या हाताच्या निळ्या बिनमध्ये (पीस ठेवायच्या खोक्यात), झालेले उजव्या हाताच्या, तोही निळाच. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तुटला की मशीन थांबतं, डावीकडे बिन साचतात, मेंटेनन्सवाल्याला जागा हवी म्हणून कुणीतरी एखादा बिन सरकवतो. शिफ्ट बदलते. नव्या माणसाला उजवीकडे दिसलेला निळा बिन झालेलाच वाटणार. टॅपिंगवरचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, शांतपणे म्हणाले, "साहेब, समज मलाच दिली. पण बिनला कोण समज देणार?"

म्हणजे लोकांना गुणवत्तेचं महत्त्व माहीत नव्हतं, असं नव्हतंच. त्यांना दोन गोष्टी माहीत नव्हत्या: आपला पीस गाडीत नेमका कुठे बसतो, आणि आपल्या हातून सुटलेला दोष पुढे काय करतो. व्यवस्थापनाला माहीत नव्हतं ते म्हणजे काम बरोबर होण्याच्या आड रोज काय काय येतं. प्रदर्शन करायचंच तर त्यातून माहिती दोन्ही दिशांनी जायला हवी, हे तिथेच ठरलं. वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणक ७.३ कलमात मागतं ते पहिल्या बाजूपुरतं आहे: आपल्या कामाचा मालावर काय परिणाम होतो आणि सदोष माल गेला तर ग्राहकाला कोणता धोका, याची जाण प्रत्येकाला असावी आणि त्याचा पुरावा ठेवावा. त्या पुराव्याला सह्यांचा कागद आणि चार फोटो पुरतात. म्हणूनच बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच थांबते.

समोरचे पर्याय

एक, नेहमीचा सप्ताह. खर्च थोडा, उत्पादनाला धक्का नाही, मालक उद्घाटनाला येतात, ८डीचा रकाना भरतो. दुसरा पर्याय बाहेरच्या एजन्सीचा: तयार पोस्टर, स्टॅण्ड, एक व्याख्याता, सगळं दोन दिवसांत उभं. पोस्टरचे नमुने आले तेव्हा त्यावर चकचकीत हेल्मेट घातलेला परदेशी कामगार आणि खाली जड मराठीत भाषांतर. तपासणीवरच्या एका ताईंनी वाचून विचारलं, "हे आपल्याकडचं मशीन नाही ना?" तो पर्याय तिथेच मावळला.

तिसरा पर्याय: आपलेच बाद झालेले पीस मांडायचे, आपल्याच ऑपरेटरांनी समजावून सांगायचं, आणि बघायला येणाऱ्याकडून काहीतरी लिहून घ्यायचं. याला तीन बाजूंनी विरोध झाला, आणि तिन्ही विरोधांत दम होता.

प्रॉडक्शन हेडचा हिशेब सरळ होता. चारशे माणसं, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दोनशे मनुष्य-तास. "हे तास डिस्पॅचमधून जाणार. ग्राहकाला मी काय सांगू, प्रदर्शन होतं म्हणून?"

युनियनच्या प्रतिनिधींची शंका वेगळी होती. बाद पीस टेबलावर ठेवले की ते कोणाच्या मशीनचे, कोणत्या शिफ्टचे हे कळणारच. मग प्रदर्शन कसलं, ती चव्हाट्यावरची पंचायत. शिवाय त्यांनी विचारलं, नुकसानीचे आकडे लावताय ते उद्या पगारातून कापायची तयारी आहे का? तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी अशी कपात करण्याआधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागे आणि नुकसान थेट त्याच्या हयगयीनं झालेलं असावं लागे. पण कंत्राटी मुलांना ठेकेदार कायदा दाखवून पगार देत नाही, हेही तितकंच खरं.

तिसरा विरोध खुद्द क्वालिटी विभागातून आला, आणि तो सगळ्यात मोलाचा ठरला. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "आपण वर्षभर बाद पीस कुलूप लावून लाल बिनमध्ये ठेवतो. आता तेच चारशे माणसांच्या हातात देणार?"

ठरवताना कुठे अडलो

तिसराच पर्याय घ्यायचा हे मालकांनी मान्य केलं, कारण त्यात फ्लेक्सचा खर्च नव्हता. पुढचे निर्णय एकेक करून घ्यावे लागले.

तारखेपासूनच घोळ. जागतिक गुणवत्ता दिन नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतो, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. म्हणजे या भागात तो दिवस पाळायचा तर मशीन बंद असताना वॉचमनला शपथ द्यावी लागेल. त्यातून २०२३ ला तो दिवस ९ नोव्हेंबरला, वसुबारसेला आला होता. १२ ला लक्ष्मीपूजन, १९-२० ला छठ. निम्मी कंत्राटी मुलं गावाला. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तो मागायची कुणाची हिंमत नव्हती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे बरेच. त्यानंतर आळंदीची कार्तिकी, तेव्हा रस्तेच बंद. उरले १ आणि २ डिसेंबर, शुक्रवार आणि शनिवार. महिना नुकताच बंद झालेला, सुट्टीनंतर शिफ्ट बदललेली, माणसं परतलेली. प्रॉडक्शन हेडनेही मान डोलावली.

जागेसाठी कॅन्टीन सगळ्यांना सोयीचं वाटत होतं. पण कॅन्टीन म्हणजे जेवणाची सुट्टी, आणि जेवणाच्या अर्ध्या तासातले दहा मिनिटं खाल्ली की माणूस आधीच वैतागून येणार. शेवटी स्टोअरच्या बाजूची रिकामी शेड घेतली आणि वेळ शिफ्टमधलीच दिली. पंधरा-पंधराच्या तुकड्या, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. लाइन बंद न करता लाइन लीडर आणि सुपरवायझरनी त्या वेळापुरता मशीनचा ताबा घ्यायचा. सुपरवायझर लोकांनी बऱ्याच दिवसांनी स्वतः मशीनवर हात चालवला. त्याचा एक फायदा झाला, तो पुढे येईल.

नावांबद्दल युनियनचं म्हणणं पूर्ण मान्य केलं. पीसवर मशीन नंबर, तारीख, शिफ्ट काहीच नाही. फक्त तीन गोष्टी: दोष कुठे तयार होऊ शकतो, कुठे पकडला जायला हवा होता, आणि सुटला तर गाडीत काय होतं. रुपयांच्या बाबतीत मात्र वाद झाला. एचआरकडून एक पोस्टर आलं होतं: एक रिजेक्ट पीस म्हणजे तुमची इतक्या तासांची मजुरी. क्वालिटी हेडना ते आवडलं होतं. मी विरोध केला, कारण असं पोस्टर वाचून माणूस पीसचा विचार करत नाही, आपल्या मजुरीचा करतो, आणि मजुरी किती कमी आहे हे त्याला पुन्हा आठवतं. ते काढून टाकलं. त्याऐवजी सॉर्टिंगचा खर्च वस्तूंनी दाखवला: टेम्पोचं भाडं दाखवणारी बिलं, फुकट गेलेली खोकी, मार्कर, आणि ग्राहकाच्या गोदामात बसून सॉर्टिंग केलेल्या माणसांपैकीच एक जण, सांगायला उभा.

ग्राहकांची गुप्तताही पाळायची होती. एका ग्राहकाचा भाग दुसऱ्याच्या माणसासमोर ठेवायचा नाही, ड्रॉइंग तर मुळीच नाही. त्यामुळे शेडमध्ये मोबाइलबंदी केली आणि ग्राहकाच्या पुरवठादार-गुणवत्ता इंजिनिअरला दोन दिवस संपल्यावर, बाकीचे टेबल झाकून, फक्त त्यांच्या पीसचं टेबल दाखवायचं ठरलं. प्रदर्शनाचे फोटो कमी निघाले म्हणून एचआर नाराज होतं. त्याला इलाज नव्हता.

मांडणी

शिरल्याबरोबर समोर एक जुनं इंजिन, कापून उघडं केलेलं. कुदळवाडीच्या भंगारातून आणलं, वर्कशॉपमध्ये कापलं, आपलं हाउसिंग जिथे बसतं तिथे पिवळा रंग दिला. सगळ्यात जास्त गर्दी इथेच झाली. सात-सात वर्षं तो भाग हाताळणाऱ्या बायकांना तो कशात बसतो हे पहिल्यांदाच दिसत होतं. "माझ्या मुलाच्या गाडीत पण हाच असेल का?" एकीनं विचारलं. मॉडेल तेच होतं, उत्तर हो.

त्यापुढे दोषांचं टेबल: ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी), बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कोंब), डेंट, चॅटर मार्क (हत्यार थरथरल्याचे वळ), मोठा झालेला बोअर (मुख्य भोक) आणि अर्थात टॅप राहिलेलं भोक. प्रत्येकासमोर ओके पीस आणि एक-एक बोल्ट. बोल्ट स्वतः फिरवून बघायचा. पाटी मराठी आणि हिंदीत, दोनच ओळींची. पहिल्या मसुद्यात तपशीलवार मजकूर होता. तो वाचायला आम्हालाच चार मिनिटं लागली, म्हणून कापला.

गेजचं टेबल काकांनी घेतलं. भोकाचं माप तपासायची गो आणि नो-गो प्लग गेज (पहिलं आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये), त्यातलं एक मुद्दाम झिजलेलं. काका प्रत्येकाला गेज हातात देत आणि म्हणत, "ढकलू नको. आपल्या वजनानं जाऊ दे." नवख्या मुलांपैकी बहुतेकांनी ढकललं. त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं, कारण घाईत ढकललं की तपासणी लवकर होते.

चौथ्या टेबलावर शिगेओ शिंगो या जपानी उत्पादन-तज्ज्ञांची एक गोष्ट करून दाखवली. १९६१ मध्ये एका जपानी कारखान्यात स्विच जोडताना दोन छोट्या स्प्रिंगपैकी एखादी बसवायची राहून जायची. शिंगोंनी कामगारांना ताकीद देण्याऐवजी एक बशी आणली: आधी दोन स्प्रिंग मोजून बशीत ठेवायच्या, मग जोडणी करायची. शेवटी बशीत स्प्रिंग उरली तर काहीतरी चुकलं, हे तिथल्या तिथे दिसतं. आम्ही टेबलावर पेनाच्या स्प्रिंग आणि वाटी ठेवली. आधी वाटीशिवाय आणि गप्पा मारत दहा जोडण्या, मग वाटी वापरून. हसत-खेळत का होईना, विसरणं म्हणजे बेजबाबदारपणाच असतो असं नाही, हे सुपरवायझरांच्याही गळी उतरलं. वाटीशिवाय सगळ्यात जास्त स्प्रिंग एका सुपरवायझरच्याच राहिल्या.

मग 'तुम्ही पकडा'चा ट्रे. वीस पीस, त्यात काही सदोष, एक मिनिट वेळ. दिवा मुद्दाम तपासणीच्या टेबलावर असतो तसाच लावला. निकाल सगळ्यांना चक्रावणारा होता. रोज तपासणी करणाऱ्या बायकांनीही एखाददुसरा सोडला, आणि ऑफिसमधल्या लोकांनी तर निम्मे. शंभर टक्के तपासणी केली म्हणजे शंभर टक्के दोष सापडतातच असं नाही, हे पुस्तकात असतंच. इथे ते मालकांना स्वतःच्या डोळ्यांनी कळलं, कारण तेही ट्रेसमोर बसले होते.

शेवटी चिठ्ठ्यांचा फळा. प्रश्न एकच: 'काम बरोबर करायच्या आड काय येतं?' नाव लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही किंवा मराठी-हिंदी लिहायची सवय नाही, त्यानं तिथे बसलेल्या ट्रेनी मुलीला सांगायचं. ओडिशातल्या एका मुलानं चित्र काढून दिलं: एक माणूस, दोन मशीन, एक गेज.

एक पीस कमी

पहिल्या दिवशी सेकंड शिफ्टनंतर मोजणी झाली तेव्हा 'तुम्ही पकडा'च्या ट्रेमध्ये एक पीस कमी भरला.

इतर टेबलांवरचे पीस लाल रंगवून, आडवे भोक पाडून, तारेनं पाटीला बांधलेले होते. तरुण इंजिनिअरची शंका मनावर घेऊनच ते केलं होतं. पण ट्रेमधले पीस रंगवले तर खेळच संपला असता. त्यामुळे ते वीस पीस रजिस्टरवर घेऊन मोकळे ठेवले होते, आणि त्यातला एक, टॅप राहिलेलाच, गायब.

रात्री साडेबारा वाजले होते. त्याच मॉडेलचा माल भरून ट्रक गेटवर उभा. पर्याय तीन होते. कुणीतरी खिशात घालून नेला असेल म्हणून सोडून द्यायचं. शेड आणि लाइनवर शोधायचं आणि ट्रक जाऊ द्यायचा. किंवा त्या मॉडेलचा सेकंड शिफ्टपासूनचा सगळा पॅक माल अडवायचा. प्रॉडक्शन हेडना फोन गेला. ते काय म्हणाले असतील ते लिहायची गरज नाही. क्वालिटी हेड तिथेच होते, थर्ड शिफ्टसाठी थांबले होते. त्यांनी ट्रक अडवला.

पीस सापडायला दोन तास गेले. एका सेटरनं (मशीन जुळवून देणाऱ्यानं) तो आपल्या मशीनवरच्या मुलाला दाखवायला नेला होता, 'बघ, हा तुलाही दिसला नसता', आणि काम आल्यावर मशीनच्या मागच्या कट्ट्यावर ठेवून दिला होता. हेतू चांगलाच. तिथून तो कुणाच्याही ट्रॉलीत जाऊ शकला असता, आणि सदोष माल जाऊ नये म्हणून भरवलेल्या प्रदर्शनातूनच सदोष माल ग्राहकाकडे पोचला असता.

ट्रक उशिरा गेला. ट्रान्सपोर्टरनं थांबण्याचे पैसे लावले. सेटरला कुणी काही बोललं नाही, आणि ही गोष्ट सकाळपर्यंत सगळ्या शॉपला माहीत झाली होती. माझ्या मते दोन दिवसांतल्या कुठल्याही टेबलापेक्षा थांबलेल्या त्या ट्रकनं जास्त सांगितलं. मात्र ते नियोजनात नव्हतं, त्याचं श्रेय घेऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेच्या पीसांवर आतल्या बाजूला, बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, कोरणी पेननं खूण केली आणि प्रत्येक तुकडीनंतर मोजणी सुरू केली. बंद झालेल्या मॉडेलचे पीस वापरले असते तर ही वेळच आली नसती, हे नंतर सुचलं.

थर्ड शिफ्ट

कारखान्यातला कुठलाही कार्यक्रम थर्ड शिफ्टपर्यंत पोचतो तो शिळा होऊन: पेढ्यांचा रिकामा डबा आणि गळलेला फुलांचा हार. म्हणून रात्रीची फेरी पूर्ण घ्यायची, सगळी टेबलं चालू, चहा गरम, हे आधीच पक्कं केलं होतं. ट्रकच्या गोंधळामुळे ती फेरी उशिरा सुरू झाली, तरी झाली.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत थर्ड शिफ्टनं बाकीच्या दोन्ही शिफ्टना मागे टाकलं. दिवसा फळ्याजवळ एचआरचं माणूस उभं असे, आणि लोक 'चांगला उपक्रम' लिहून जात. रात्री कुणी नव्हतं. रात्रीच्या चिठ्ठ्यांत होतं: तपासणीच्या टेबलावरची एक ट्यूब दिवाळीआधीपासून बंद आहे. दोन मशीनला एकच गेज, दुसरा आणायला गेलं तर टूल रूमला कुलूप. काम करण्याच्या सूचना इंग्रजीत. टॅप कधी बदलायचा ते रात्री विचारायचं कुणाला? आणि चार-पाच चिठ्ठ्या एकाच अर्थाच्या, वेगवेगळ्या हस्ताक्षरात: शेवटच्या तासात टार्गेटसाठी ओरडतात, तेव्हा गेज लावायला वेळ नसतो.

पुढे काय झालं

चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केले: आठवड्यात होण्यासारखं, पैसे लागणारं, आणि होणार नाही असं. प्रत्येकाचं उत्तर तारखेसह फळ्यावर लावायचं ठरलं. ट्यूब दुसऱ्याच दिवशी बदलली. मग सगळ्याच तपासणी टेबलांचा उजेड मोजला आणि दिवे वाढवले. टॅप करायच्या पीसांना पिवळे बिन आले, निळे फक्त झालेल्यांसाठी. दुसरं गेज मागवलं. कामाच्या सूचना मराठी-हिंदीत, फोटोसकट झाल्या. त्यात सुपरवायझरांनी स्वतःहून हात घातला. मशीनवर पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर त्यांना कळलं होतं की लिहिलेल्या क्रमानं काम होतच नाही.

टॅपिंग मशीनवर सेन्सर बसवायचा प्रस्ताव जुनाच होता. भोकात टॅप गेला नाही तर पीस सुटणार नाही अशी व्यवस्था. खर्चापायी पडून होती. ट्रेसमोर बसून हरल्यावर मालकांनी त्यावर सही केली. सेन्सर बसून नीट चालू लागेपर्यंत काही महिने गेले. ग्राहकाच्या इंजिनिअरनं प्रदर्शनाचं टेबल बघितलं, सह्यांचा कागद घेतला, कौतुक केलं, आणि ८डी मात्र सेन्सर लागल्यावरच बंद केली. त्याचं बरोबरच होतं.

टॅप राहिल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. त्याचं श्रेय प्रदर्शनाला द्यायचा मोह एचआरला झाला आणि एका सादरीकरणात तसा आलेखही आला. मला ते पटत नाही. तक्रार थांबली ती बिन आणि सेन्सरमुळे. बरच्या तक्रारी मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या. बर दिसतो कसा, बोटाला लागतो कसा, हे सगळ्यांनी टेबलावर बघितलं होतं. पण तो काढायला वेगळा वेळ दिलेला नाही, आणि टूल बदलण्याची मुदत तशीच लांबवलेली.

टार्गेटच्या चिठ्ठ्यांना उत्तर मिळालं नाही. त्या 'होणार नाही'च्या गठ्ठ्यातही ठेवल्या गेल्या नाहीत. फळ्यावर लागल्याच नाहीत. कुणी काढल्या ते कुणी विचारलं नाही. युनियनच्या प्रतिनिधींनी मला नंतर एवढंच म्हटलं, "ज्या लिहिल्या त्या आम्हाला पाठ आहेत." फळ्यावरची बाकीची उत्तरं खरी आणि वेळेवर असूनही महिन्याभरात लोक त्यासमोर थांबेनासे झाले.

काय वेगळं करता आलं असतं

मोकळे पीस आणि बंद मॉडेलचं वर आलंच. दुसरं, समजावून सांगणारे ऑपरेटर आम्ही निवडले, तेही बहुतेक कायम कामगारांतले. कंत्राटी मुलं ऐकणाऱ्याच्या बाजूलाच राहिली, आणि टॅपिंगवर वर्षातला अर्धा वेळ तीच असतात. किमान दोन टेबलं त्यांच्याकडे द्यायला हवी होती. त्यासाठी ठेकेदाराशी आधी बोलावं लागतं, कारण त्या दिवसाची हजेरी कोणत्या कामात धरायची हा प्रश्न येतो.

तिसरं, पंचवीस मिनिटांत सहा टेबलं जास्त झाली. गेजच्या टेबलावर माणसं रमत आणि पुढे चिठ्ठ्यांना तीन मिनिटं उरत. पुन्हा करायचं तर टेबलं चार: इंजिन, गेज, ट्रे आणि चिठ्ठ्या. दोषांचं टेबल वर्षभर त्या-त्या लाइनवर ठेवता येतं. ते आता तसंच ठेवलेलं आहे. ट्रे ट्रेनिंग रूममध्ये आहे आणि नव्या माणसाला मशीनवर पाठवण्याआधी त्यासमोर बसवतात.

चौथी गोष्ट सगळ्यात कठीण. चिठ्ठ्या कोण वाचणार, आणि ज्यांचं उत्तर वरच्यांना अडचणीचं आहे त्यांचं काय करणार, हे फळा लावण्याआधी ठरायला हवं होतं. पुढच्या वर्षीच्या नियोजनाच्या बैठकीत क्वालिटी हेडनी एक अट घातली: फळ्याजवळ एचआरचं माणूस नको, चिठ्ठ्यांचं वाचन प्रॉडक्शन हेडनी युनियनच्या प्रतिनिधींसमोर करायचं, आणि एकही चिठ्ठी बाजूला काढायची नाही. प्रॉडक्शन हेडनी विचार करून सांगतो म्हटलं. ती बैठक तेवढ्यावरच उठली.